पोर्ट हलवला आणि आयएसएल सेगमेंट झाला: ब्रोकेडच्या व्हर्च्युअल फॅब्रिकमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

नवा लॉजिकल स्विच केला, त्यात पोर्ट हलवले, केबल लावल्या. दिवे हिरवे लागले तरी दोन स्विच एका फॅब्रिकमध्ये (स्विच जोडून झालेल्या एका स्टोरेज नेटवर्कमध्ये) येत नाहीत, किंवा येतात पण होस्टला, म्हणजे सर्व्हरला, लन (स्टोरेजवरच्या डिस्क) दिसत नाहीत. ब्रोकेडच्या फायबर चॅनल स्विचवर व्हर्च्युअल फॅब्रिक (एका चॅसिसचे अनेक लॉजिकल स्विच करण्याची सुविधा) चालू केलेल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न कधी ना कधी येतो. कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक वेळा हार्डवेअरचा काही दोष नसतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढचं सगळं सोपं जातं. लॉजिकल स्विच हा खोक्यातून नुकता काढलेला कोरा स्विच आहे असं समजा. त्याला स्वतःचा डोमेन आयडी (फॅब्रिकमधला स्विचचा क्रमांक), स्वतःचं झोनिंग (कुणाला कोण दिसेल याची यादी), स्वतःचा नेम सर्व्हर (जोडलेल्या डिव्हाइसची नोंद) आणि स्वतःचे फॅब्रिक पॅरामीटर असतात. शेजारच्या लॉजिकल स्विचशी त्याचं फक्त चॅसिस आणि वीजपुरवठ्याचं नातं. त्यामुळे जुन्या स्विचवर कधीकाळी केलेली आणि आज कुणाच्या लक्षातही नसलेली प्रत्येक सेटिंग इथे नव्याने करावी लागते. उलट कन्सोल मात्र सगळ्यांचा एकच असतो, आणि खरा धोका तिथे आहे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये, लहान अक्षरांत आणि सलग टाइप करायच्या.

लक्षणं

यातलं एक किंवा जास्त दिसत असेल तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे:

- स्विचशोमध्ये आयएसएलचा (दोन स्विच जोडणाऱ्या लिंकचा) पोर्ट ऑनलाइन दिसतो, पण पुढे ई-पोर्टऐवजी (स्विचला जोडलेला पोर्ट) "सेगमेंटेड", म्हणजे फॅब्रिकमध्ये न घेतलेला, आणि कंसात कारण दिसतं: डोमेन ओव्हरलॅप, झोन कॉन्फ्लिक्ट, इनकम्पॅटिबल वगैरे.
- एररडम्पमध्ये एफएबीआर-१००१ हा सेगमेंटेशनचा संदेश पुन्हा पुन्हा येतो.
- फॅब्रिकशोमध्ये दोन स्विच हवेत, तिथे एकच दिसतो आणि दोन्ही बाजू स्वतःलाच प्रिन्सिपल (डोमेन आयडी वाटणारा मुख्य स्विच) समजतात.
- कालपर्यंत दिसणारा पोर्ट आज स्विचशोच्या यादीतच नाही.
- पोर्ट एफ-पोर्ट (होस्ट किंवा स्टोरेज जोडलेला पोर्ट) म्हणून वर येतो, एनएसशोमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएनही (डिव्हाइसचा कायमचा ओळख क्रमांक) दिसतो, पण होस्टवर डिस्क नाहीत.
- बेस स्विचवरचा आयएसएल ठणठणीत आहे, पण लॉजिकल स्विचवर एलई-पोर्ट येत नाही (दोन्हींचा अर्थ मुद्दा ९ मध्ये).

काहीही करण्याआधी

होस्टवर मल्टिपाथ बघा. लिनक्सवर मल्टिपाथ -एलएल, एआयएक्सवर एलएसपाथ. ए-बी जोडीतल्या दुसऱ्या फॅब्रिकमधले सगळे पाथ (होस्टपासून डिस्कपर्यंतचे मार्ग) जिवंत आहेत याची खात्री होईपर्यंत या फॅब्रिकला हात लावू नका. ए फॅब्रिक दुरुस्त करायला गेलात आणि बी आधीच अर्धं मेलेलं होतं, तर सेगमेंटेशनची छोटी अडचण थेट आउटेज होते.

मग बॅकअप. साधा कॉन्फिगअपलोड फक्त त्या कॉन्टेक्स्टची, म्हणजे तुम्ही ज्या लॉजिकल स्विचमध्ये आहात त्याची, कॉन्फिगरेशन घेतो. कोणता पोर्ट कोणत्या लॉजिकल स्विचमध्ये आहे ही माहिती वेगळी साठवलेली असते, तिच्यासाठी कॉन्फिगअपलोड -व्हीएफ लागतो. दोन्ही घ्या. नुसता पहिला असेल तर झोनिंग परत मिळेल, पण चॅसिसची वाटणी कागदावरून पुन्हा मांडावी लागेल. शिवाय हलवायच्या पोर्टचं पोर्टसीएफजीशो फाइलमध्ये ठेवा. पुढे ते लागणार आहे.

१. तुम्ही नेमके कुठे उभे आहात?

सर्वात स्वस्त तपासणी, आणि अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. प्रॉम्प्ट वाचा:

एसडब्ल्यू१:एफआयडी१२८:अ‍ॅडमिन>

मधला एफआयडी (फॅब्रिक आयडी, लॉजिकल स्विच कोणत्या फॅब्रिकचा ते सांगणारा क्रमांक) १२८ म्हणजे तुम्ही डीफॉल्ट लॉजिकल स्विचमध्ये आहात. नेहमीच्या अ‍ॅडमिन खात्याने लॉगिन केलं की तुम्ही इथेच येता. एफआयडी १० चा पोर्ट इथून दिसणारच नाही. तो हरवलेला नाही, फक्त दुसऱ्या खोलीत आहे. सेटकॉन्टेक्स्ट १० दिलं की प्रॉम्प्ट बदलतो.

सगळीकडे एकदम डोकावायचं असेल तर:

फॉसएक्झेक --एफआयडी ऑल -सीएमडी "स्विचशो"

ही कमांड बघण्यासाठी फार कामाची आहे. बदल करण्यासाठी मात्र ती वापरू नका. बदल करायचा तो कॉन्टेक्स्टमध्ये शिरून आणि प्रॉम्प्ट पुन्हा वाचूनच करा. नव्या लॉजिकल स्विचला आपोआप स्विच_१० असं काहीतरी नाव मिळतं, तेही लगेच बदला. नावात फॅब्रिक आणि एफआयडी दोन्ही आले की रात्री दोन वाजता चुकीच्या खिडकीत सीएफजीक्लिअर (झोनिंग पुसणारी कमांड) मारण्याची शक्यता बरीच कमी होते.

सेटकॉन्टेक्स्टला नकार आला तर दोष फॅब्रिकचा नसून खात्याचा आहे. यूजरकॉन्फिग --शो देऊन खात्याच्या यादीत तो एफआयडी आहे का आणि चॅसिस रोल दिलेला आहे का ते बघा. एलएससीएफजीने वाटणी बदलायला चॅसिस रोल लागतो. लॉजिकल स्विचचे अधिकार असून चॅसिस रोल नसला, तर झोनिंग करता येतं पण पोर्ट हलवता येत नाही.

२. स्विचशोच्या वरच्या ओळी

सगळे थेट पोर्टच्या यादीकडे जातात आणि वरच्या दहाबारा ओळी सोडून देतात. निदान त्या ओळींतच असतं. दोन्ही टोकांचा स्विचशो शेजारी ठेवा आणि या पाच गोष्टी ताडून बघा:

स्विच डोमेन (दोन्हीकडे वेगळा हवा), झोनिंग चालू आहे का आणि चालू कॉन्फिगचं नाव काय, अलाऊ एक्सआयएसएल यूज (मुद्दा ९) चालू की बंद, एलएस अ‍ॅट्रिब्यूट्समधला एफआयडी (दोन्हीकडे सारखा हवा), आणि त्याच ओळीतलं बेस स्विच हो की नाही.

बहुतेक वेळा काय चुकलं ते या टप्प्यालाच कळतं. पुढचे मुद्दे मग फक्त दुरुस्तीसाठी वाचायचे.

३. पोर्ट खरंच तिथे पोहोचला का, आणि चालू आहे का?

एलएससीएफजी --शो कोणत्याही कॉन्टेक्स्टमधून पूर्ण वाटणी दाखवतं. इथे दोन चुका नेहमी सापडतात.

पहिली, पोर्ट हलवल्यानंतर तो बंदच राहिलेला असतो. हलवताना सिस्टिम विचारते की पोर्ट डिसेबल करावे लागतील, पुढे जायचं का. हो म्हटलं की काम होतं आणि शेवटी पोर्ट तुम्ही स्वतः चालू करा असा संदेश येतो. हा शेवटचा संदेश कुणी वाचत नाही. नव्या कॉन्टेक्स्टमध्ये जाऊन पोर्टइनेबल द्या. पोर्ट पर्सिस्टंट डिसेबल असेल तर तेवढ्याने भागत नाही, पोर्टसीएफजीपर्सिस्टंटइनेबल द्यावं लागतं. पोर्टसमोर "नो पीओडी लायसन्स" असं दिसत असेल तर व्हर्च्युअल फॅब्रिकचा काही संबंध नाही, त्या पोर्टचं लायसन्स घेतलेलं नाही एवढंच.

दुसरी चूक डायरेक्टरवर (ब्लेड लागणाऱ्या मोठ्या स्विचवर) होते आणि ती भयंकर आहे. ब्लेडवरचे आठ पोर्ट हलवायचे म्हणून कमांड दिली जाते, पण -स्लॉट ३ लिहून -पोर्ट ०-७ लिहायचं राहून जातं. पोर्ट दिले नाहीत तर त्या स्लॉटचे सगळे पोर्ट हलतात. त्यावर चालू असलेले होस्ट आणि स्टोरेज एका फटक्यात दुसऱ्या फॅब्रिकमध्ये, तेही डिसेबल अवस्थेत. असं झालं असेल तर घाईत सगळं उलटं फिरवू नका. आधीच्या कॉन्फिगअपलोड -व्हीएफमधून कोणता पोर्ट कुठे होता ते काढा, त्याप्रमाणे परत हलवा, आणि पोर्टसीएफजीशोशी ताडून एकेक चालू करा.

पोर्टची जुनी सेटिंग त्याच्यासोबत येतील असं धरून चालू नका. वेग, फिल वर्ड, लाँग डिस्टन्स, क्यूओएस, ट्रंकिंग यातलं प्रत्येक काही हलवण्याआधीच्या फाइलशी जुळतंय का बघा. ८ गिगाबिटच्या जुन्या स्विचवर फिल वर्ड (लिंक रिकामी असताना जाणारा संकेत) विशेष छळतो. स्टोरेजला मोड ३ हवा असतो, पोर्ट मोड ० वर असतो. मग लिंक येते-जाते किंवा वर राहूनही ईआर_बॅड_ओएस हा काउंटर धडाधड वाढतो. पोर्टवर एन्क्रिप्शन किंवा कॉम्प्रेशन चालू असेल तर ते हलवण्याआधीच बंद करायचं असतं.

४. प्रकाश

पोर्ट "नो लाइट" किंवा "नो सिंक" दाखवत असेल तर कॉन्फिगरेशन बाजूला ठेवा. एसएफपीशोमध्ये आरएक्स पॉवर (एसएफपी या ऑप्टिकल मॉड्यूलपर्यंत पोहोचणारा प्रकाश) बघा, कनेक्टर पुसा, पॅच कॉर्ड बदला. लॉजिकल स्विचच्या कामात बऱ्याचदा केबलही हलवलेल्या असतात, आणि दोन बदल एकदम झाले की दोष नेहमी नव्या तंत्रज्ञानावर टाकला जातो. पोर्टएररशोमध्ये एन्क आउट आणि सीआरसी हे त्रुटींचे काउंटर वाढत असतील तर ते आधी थांबवा.

५. एफआयडी जुळत नाही

इथून पुढे सेगमेंटेशनची खरी कारणं सुरू होतात. दोन लॉजिकल स्विचमध्ये थेट आयएसएल असेल तर दोन्हीचा एफआयडी एकच हवा. एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला २० असेल तर लिंक जोडली जाणार नाही. ही अडवणूक मुद्दाम आहे आणि उपकारक आहे. म्हणूनच ए फॅब्रिकला १० आणि बी फॅब्रिकला २० असे वेगळे एफआयडी द्यावेत असं माझं ठाम मत आहे. कुणी चुकून ए आणि बी मध्ये केबल लावली तर दोन्ही फॅब्रिक एकत्र होण्याऐवजी लिंक सेगमेंट होते. दोन्हीकडे १२८ ठेवणाऱ्यांना हे संरक्षण मिळत नाही. उत्पादनातले पोर्ट डीफॉल्ट स्विचमध्ये न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: नवी ब्लेड आली की तिचे पोर्ट आधी तिथेच उतरतात.

एफआयडी बदलायचा तर एलएससीएफजी --चेंज ५ -न्यूएफआयडी ७. यासाठी तो लॉजिकल स्विच डिसेबल होतो, त्यात उघडी असलेली सगळी सेशन तुटतात, आणि नंतर तो तुम्हाला हाताने चालू करावा लागतो. म्हणजे त्या स्विचवर डिव्हाइस असतील तर हे मेंटेनन्स विंडोचं काम आहे. त्यामुळे दोन्हीपैकी जो स्विच रिकामा असेल त्याचाच बदला.

६. डोमेन ओव्हरलॅप

नव्या लॉजिकल स्विचचा डोमेन आयडी १ असतो. समोरच्याचाही बहुधा १ च, कारण त्यालाही कुणी बदललेला नाही. दोन चालू फॅब्रिक जोडताना एकच डोमेन दोन ठिकाणी सापडला की लिंक सेगमेंट होते.

नव्या, रिकाम्या स्विचच्या कॉन्टेक्स्टमध्ये: स्विचडिसेबल, मग कॉन्फिगर, फॅब्रिक पॅरामीटर्सला हो, डोमेनला १ ते २३९ मधला न वापरलेला आकडा, बाकी सगळ्याला एंटर, आणि स्विचइनेबल. स्विचडिसेबल फक्त त्या लॉजिकल स्विचपुरतं चालतं. चॅसिसडिसेबल ही वेगळी कमांड आहे आणि ती सगळे लॉजिकल स्विच बंद करते. टॅबने कमांड पूर्ण करताना काय उमटलं ते वाचूनच एंटर दाबा.

डोमेन आयडी फक्त एका फॅब्रिकमध्ये वेगळा असून पुरत नाही असं मी म्हणेन. नियमाने तेवढंच लागतं, पण पूर्ण साइटवर, ए आणि बी धरून, प्रत्येक लॉजिकल स्विचला वेगळा आकडा दिला तर फॅब्रिकचा पत्ता बघून पोर्ट नेमका कुठला ते लगेच कळतं, आणि पुढे फॅब्रिक एकत्र करायची वेळ आली तर अडत नाही.

इन्सिस्टंट डोमेन आयडी चालू असेल तर आणखी एक बघा. अशा स्विचला मागितलेलाच आकडा हवा असतो. तो मिळाला नाही तर तो दुसरा स्वीकारत नाही आणि सेगमेंट होतो.

७. झोन कॉन्फ्लिक्ट

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरं नुकसान इथेच होतं.

झोनिंग डेटाबेस प्रत्येक लॉजिकल फॅब्रिकचा स्वतंत्र असतो. एफआयडी १२८ मधले झोन एफआयडी १० मध्ये आपोआप जात नाहीत. दोन फॅब्रिक जोडताना स्विच दोन्ही डेटाबेस एकत्र करू बघतो आणि तीन प्रकारच्या विसंगतींवर थांबतो. दोन्हीकडे वेगवेगळी इफेक्टिव्ह (प्रत्यक्ष लागू असलेली) कॉन्फिग चालू असणं हा पहिला प्रकार. मजकूर सारखा असून कॉन्फिगचं नाव वेगळं असलं तरी तो यातच येतो. एकाच नावाचा एकीकडे झोन आणि दुसरीकडे अलियास (सदस्याला दिलेलं सोपं नाव) असणं हा दुसरा. आणि एकाच नावाच्या झोन किंवा अलियासमध्ये वेगळे सदस्य असणं हा तिसरा. तिसऱ्यात एक छुपी मेख आहे: सदस्य तेच असून क्रम वेगळा असला तरी ते वेगळं धरलं जातं. म्हणून नजरेने बघून "दोन्ही सारखेच आहेत" म्हणू नका. दोन्हीकडचा सीएफजीशो फाइलमध्ये उतरवा आणि डिफ लावा.

डीफॉल्ट झोन मोडही बघा: डेफझोन --शो. एकीकडे ऑल अ‍ॅक्सेस आणि दुसरीकडे नो अ‍ॅक्सेस असेल तर काही जोड्यांमध्ये त्यावरूनही सेगमेंट होतो. उत्पादनात नो अ‍ॅक्सेसच हवा. ऑल अ‍ॅक्सेसमध्ये कॉन्फिग बंद पडली की प्रत्येक होस्टला प्रत्येक स्टोरेज पोर्ट दिसू लागतो.

नवा स्विच रिकामा असेल तर उपाय सोपा आहे. क्रम मात्र पाळा:

आयएसएलचा पोर्ट आधी बंद करा. मग नव्या स्विचच्या कॉन्टेक्स्टमध्ये सीएफजीडिसेबल, सीएफजीक्लिअर, सीएफजीसेव्ह. सीएफजीशोमध्ये काही उरलं नाही याची खात्री करा. मग पोर्ट चालू करा. रिकामा स्विच समोरचा पूर्ण डेटाबेस घेतो.

पोर्ट आधी बंद करायचा, कारण जोडलेल्या फॅब्रिकमध्ये झोनिंगचा बदल सगळीकडे पसरतो. आयएसएल जिवंत असताना सीएफजीक्लिअर आणि सीएफजीसेव्ह दिलं तर नवा स्विच रिकामा होईल, पण सोबत चालू फॅब्रिकचंही झोनिंग जाईल. या तीन कमांडपैकी प्रत्येकीआधी प्रॉम्प्टमधला एफआयडी मोठ्याने वाचा. शेजारी कुणी बसलेलं असेल तर त्यालाही वाचायला लावा.

कमांड "दुसरं ट्रान्झॅक्शन उघडं आहे" म्हणून नाकारली गेली तर सीएफजीट्रान्सशो बघा. कुणाचा तरी अर्धवट बदल पडलेला असतो. तो कुणाचा हे कळल्याशिवाय सीएफजीट्रान्सअबॉर्ट देऊ नका.

दोन्ही बाजूंना जिवंत झोनिंग असेल, दोन्हीकडे होस्ट चालू असतील, तर हे काम घाईत करायचं नाही. एका बाजूचे सगळे झोन दुसरीकडे आणायचे, नावं एकसारखी करायची, दोन्हीकडे हुबेहूब तीच कॉन्फिग चालू करायची, आणि मगच लिंक लावायची.

८. बाकीचे पॅरामीटर

कारण "इनकम्पॅटिबल" आलं असेल तर दोन्हीकडचं कॉन्फिगशो ताडून बघा. आर_ए_टीओव्ही १०००० मिलिसेकंद आणि ई_डी_टीओव्ही २००० मिलिसेकंद हे टाइमआउटचे मूळ आकडे आहेत. कुणीतरी जुन्या लांब पल्ल्याच्या लिंकसाठी ते बदललेले असतात आणि विसरलेले असतात. नव्या लॉजिकल स्विचमध्ये मूळ आकडे येतात आणि जुळत नाहीत. फॅब्रिकभर हे सारखेच लागतात. बदलायला लॉजिकल स्विच डिसेबल करावा लागतो, म्हणून इथेही रिकाम्या बाजूचाच बदला. फॅबस्टॅट्सशो कोणत्या कारणाने किती वेळा सेगमेंट झाला ते मोजून ठेवतो. कारण कळत नसेल तेव्हा त्याचा उपयोग होतो.

९. बेस स्विच आणि एक्सआयएसएल

दोन चॅसिसमध्ये प्रत्येक लॉजिकल फॅब्रिकसाठी वेगळी केबल टाकायची नसेल तर बेस स्विच वापरतात. बेस स्विचमधल्या आयएसएलला एक्सआयएसएल म्हणतात. त्यावरून अनेक लॉजिकल फॅब्रिकचा ट्रॅफिक जातो, आणि प्रत्येक लॉजिकल स्विचला ती लिंक एलई-पोर्ट म्हणून दिसते. एलई-पोर्टला स्वतःची केबल नसते. म्हणून त्याच्यासाठी एसएफपी बदलत बसण्यात अर्थ नाही.

एलई-पोर्ट येत नसेल तर खालून वर या. आधी दोन्ही चॅसिसवर बेस स्विच आहे का बघा. एका चॅसिसवर एकच असतो. दोन्ही बेस स्विचचा एफआयडी सारखा आणि डोमेन वेगळा आहे का? बेसच्या कॉन्टेक्स्टमध्ये आयएसएलशोत लिंक दिसते का? इथपर्यंत ठीक असेल तरच लॉजिकल स्विचकडे या: दोन्ही बाजूंना एफआयडी सारखा, डोमेन वेगळा, आणि स्विचशोच्या वरच्या ओळींत अलाऊ एक्सआयएसएल यूज चालू. हा शेवटचा मुद्दा एका बाजूला बंद राहिलेला असतो, असं फार वेळा सापडतं. तो कॉन्फिगरमध्ये फॅब्रिक पॅरामीटर्सखाली बदलता येतो आणि त्यासाठीही लॉजिकल स्विच डिसेबल करावा लागतो.

बेस स्विचमध्ये होस्ट किंवा स्टोरेज लावता येत नाही. तिथे फक्त स्विचला जोडणारे पोर्ट असतात. कुणी एफ-पोर्टवाला पोर्ट चुकून बेसमध्ये टाकला असेल तर तो कितीही वेळा चालू केला तरी कामाला येणार नाही.

एक सल्ला: एक्सआयएसएल सोयीचा आहे, पण त्याची बँडविड्थ सगळ्यांची मिळून एक असते. रेप्लिकेशनचा ट्रॅफिक आणि डेटाबेसचे होस्ट एकाच एक्सआयएसएलवर घातले तर रात्रीच्या कॉपीचा परिणाम दुसऱ्याच फॅब्रिकमधल्या होस्टवर होतो, आणि त्या होस्टच्या फॅब्रिकमध्ये बघून कारण सापडत नाही. रेप्लिकेशनला स्वतःचा थेट आयएसएल द्या.

१०. फॅब्रिक जुळलं, तरी डिस्क नाहीत

आता सेगमेंटेशन नाही, एनएसशोत डब्ल्यूडब्ल्यूएन आहे, तरी होस्ट गप्प. झोनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएन आहे की डोमेन-इंडेक्स (डोमेन आयडी आणि पोर्टचा क्रमांक), ते बघा. लॉजिकल स्विच बदलला की डोमेन बदलतो, म्हणून डोमेन-इंडेक्सवर केलेला झोन निरर्थक होतो. डब्ल्यूडब्ल्यूएनवर केलेला झोन टिकतो, पण तो नव्या फॅब्रिकमध्ये लिहिलेला आणि इफेक्टिव्ह असायला हवा. सीएफजीशोत दिसतो आणि सीएफजीअ‍ॅक्टव्हशोत दिसत नाही, म्हणजे कुणी सीएफजीइनेबल द्यायला विसरलं.

डोमेन बदलला की पोर्टचा २४ बिटचा फायबर चॅनल पत्ताही बदलतो, कारण पत्त्याचा पहिला भाग डोमेनच असतो. लिनक्स किंवा ईएसएक्सला याचं काही वाटत नाही. एआयएक्सवर मात्र डायनॅमिक ट्रॅकिंग (डीवायएनटीआरके) चालू नसेल तर पाथ मेलेले राहतात, आणि एचपी-यूएक्सच्या जुन्या पद्धतीच्या डिव्हाइस फाइल पत्त्यावरच बांधलेल्या असतात. असे होस्ट असतील तर पोर्ट हलवण्याआधीच त्या अ‍ॅडमिनशी बोला, नंतर नाही.

११. चालतं, पण हळू

फॅब्रिक जुळलं आणि तरी वेग पडला तर दोन गोष्टी बघा. ट्रंकशोत ट्रंक (अनेक आयएसएलची मिळून केलेली एक लिंक) तुटलेला आहे का? ट्रंकचे सगळे पोर्ट एकाच पोर्ट ग्रुपमध्ये आणि एकाच लॉजिकल स्विचमध्ये लागतात. चारपैकी एक पोर्ट मागे राहिला की ट्रंक लहान होतो.

दुसरं, लांब पल्ल्याच्या लिंकची लाँग डिस्टन्स सेटिंग उडाली आहे का? पूर्ण आकाराच्या फ्रेमला १६ गिगाबिटवर दर किलोमीटरला ८ बफर क्रेडिट (पोच येण्याआधी पाठवता येणाऱ्या फ्रेमची संख्या) लागतात. ३० किलोमीटरच्या लिंकला २४०, वर थोडे राखीव. साध्या ई-पोर्टला इतके मिळत नाहीत. पोर्टबफरशोत किती राखलेत ते दिसतं, आणि पोर्टस्टॅट्सशोतला टिम_टीएक्सक्रेड_झेड सतत वाढत असेल तर पोर्ट क्रेडिटची वाट बघत थांबतोय. ब्लॉक लहान असतील तर फ्रेमही लहान असतात आणि क्रेडिट आणखी लागतात.

१२. स्विचला ते जमतं का?

प्रत्येक स्विचवर व्हर्च्युअल फॅब्रिक नसतं. ६५०५ वर नाही, ६५१० वर ४ लॉजिकल स्विच होतात, डीसीएक्स ८५१० वर ८. मर्यादेत डीफॉल्ट आणि बेस दोन्ही मोजले जातात. म्हणून ६५१० वर डीफॉल्ट आणि बेस वजा जाता दोनच उरतात, आणि आखणीत हे अनेकदा चुकतं. सुविधा चालू आहे का ते फॉसकॉन्फिग --शो सांगतं. ती चालू किंवा बंद केली की स्विच रीबूट होतो, त्यामुळे "एकदा बंद करून चालू करून बघू" हा उपाय इथे अजिबात करायचा नाही.

सिस्को एमडीएस वापरणाऱ्यांना यातलं बरंच व्हीसॅनच्या नावाने ओळखीचं वाटेल. तिथे एक वेगळा सापळा आहे: व्हीसॅन काढून टाकला की त्यातले पोर्ट ४०९४ या आयसोलेटेड व्हीसॅनमध्ये जातात आणि कशाशीच बोलत नाहीत. शो व्हीसॅन मेंबरशिपमध्ये ते लगेच दिसतं.

कधी थांबायचं

पुढचं काही दिसलं तर हात काढा आणि स्विचच्या सपोर्टला किंवा फॅब्रिकचं काम रोज करणाऱ्या माणसाला बोलवा:

ए आणि बी दोन्ही फॅब्रिकमध्ये एकाच वेळी त्रास असेल. दोन्ही बाजूंना जिवंत झोनिंग असून ते जुळत नसेल. चालू बेस स्विचचा एफआयडी किंवा डोमेन बदलायची वेळ आली असेल, कारण त्याचा फटका त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक लॉजिकल फॅब्रिकला बसतो. मेनफ्रेमचं फिकॉन असेल. ईएक्स-पोर्टने फॅब्रिकांमध्ये राउटिंग केलेलं असेल. कुणी काही केलेलं नसताना फॅब्रिक पुन्हा पुन्हा रीकॉन्फिगर होत असेल, किंवा ब्लेड अथवा सीपी (कंट्रोल प्रोसेसर) "फॉल्टी" दाखवत असेल.

तोवर रीबूट करू नका आणि काउंटर पुसू नका. स्टॅट्सक्लिअर द्यायचंच असेल तर आधी दोन्ही टोकांच्या चॅसिसवरून सपोर्टसेव्ह (सपोर्टसाठी लागणारी माहिती गोळा करणारी कमांड) घ्या. एकाच टोकाचा दिला तर दुसरा मागवण्यात अर्धा दिवस जातो. सोबत एवढं लिहून द्या: त्रास सुरू झाल्याची वेळ, दोन्ही चॅसिसच्या घड्याळांतला फरक, कोणत्या एफआयडीतून कोणत्या एफआयडीत कोणते पोर्ट हलवले, हलवण्याआधीचं पोर्टसीएफजीशो, आणि त्यानंतर दिलेल्या सगळ्या कमांड क्रमाने, चुकून दिलेल्याही. सीएलआयहिस्टरी त्या आठवायला मदत करतं.